खांद्याची भूल आणि दोन मिलिमीटरचे अंतर

गुडघा बदलून घेतलेले कोणी ना कोणी आता प्रत्येकाच्या नात्यात असते. खांदा बदलून घेतलेला माणूस मात्र आपल्याकडे अजून विरळा. म्हणून ही शस्त्रक्रिया सुचवली गेली की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘खांदासुद्धा बदलता येतो?’ आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, ‘फार दुखेल का हो?’ पहिल्याचे उत्तर हाडांचे डॉक्टर देतात. दुसऱ्याचे उत्तर देणे हे माझ्यासारख्या भूलतज्ज्ञाचे काम. ते एका वाक्यात देता येत नाही. खांदा बदलल्यावर दुखते, आणि चांगलेच दुखते. ते दुखणे पहिले काही तास जवळजवळ पूर्णपणे थांबवताही येते. पण ते थांबवण्याची सर्वांत खात्रीची जागा मानेत अशा ठिकाणी आहे, की तिच्या शेजारूनच श्वास चालवणारा मज्जातंतू जातो. हा शेजार किती जवळचा आहे, त्यापासून कोणाला धोका आहे आणि तो टाळण्यासाठी काय करता येते, हे सांगण्यासाठी हा लेख. त्यात थोडी शरीररचना येईल, थोडा इतिहास येईल आणि शेवटाकडे आपल्याकडच्या एका कायद्याचाही विषय निघेल.

उथळ बशीतला चेंडू

शाळेच्या पुस्तकात खांद्याला ‘उखळीचा सांधा’ म्हटलेले असते. खुब्याला ते नाव शोभते; तिथे मांडीच्या हाडाचा गोळा खरोखरच खोल उखळीत बसलेला असतो. खांद्याची उखळ बशीसारखी उथळ आहे. खवाट्याच्या हाडावरची एक छोटी बशी आणि तिला टेकलेला दंडाच्या हाडाचा मोठा गोळा, अशी ही रचना. या उथळपणामुळेच हात मागे नेऊन वेणी घालता येते आणि वरच्या फळीवरचा डबाही काढता येतो. मात्र सांधा जागेवर धरून ठेवण्याचे काम हाडांऐवजी भोवतालच्या स्नायूंना करावे लागते. चार स्नायूंच्या कंडरा मिळून गोळ्याभोवती एक खोळ तयार होते. तिला डॉक्टरी भाषेत ‘रोटेटर कफ’ म्हणतात.

सांध्यातली कूर्चा झिजली, संधिवाताने खाल्ली किंवा उतारवयात पडून गोळ्याचे तुकडे झाले, की कृत्रिम सांध्याचा विचार होतो. कल्पना जुनी आहे. १८९३ साली पॅरिसमध्ये झ्यूल एमिल पेआँ या शल्यचिकित्सकाने क्षयाने पोखरलेल्या खांद्यात पहिला कृत्रिम सांधा बसवला. प्लॅटिनमचा दांडा आणि पॅराफिनमध्ये उकळून कडक केलेला रबराचा गोळा, असा तो सांधा एका दंतवैद्याने तयार केला होता. जंतुसंसर्गामुळे सुमारे दोन वर्षांनी तो काढावा लागला. पुढे १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी मोडलेल्या गोळ्याच्या जागी धातूचा गोळा बसवण्याची पद्धत रुजवली. १९८५ मध्ये फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी सांधा चक्क उलटा केला: चेंडू खवाट्यावर आणि बशी दंडावर. यामुळे ज्यांचा रोटेटर कफ फाटून निकामी झाला आहे, त्यांनाही खांद्यावरच्या जाड डेल्टॉइड स्नायूच्या बळावर हात वर उचलता येऊ लागला. वयस्कर रुग्णांमध्ये आज हा उलटा सांधा मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

प्रकार कोणताही असो, आत काम करायचे ते सुतारकामासारखेच. गोळा कापून काढायचा, दंडाच्या हाडाच्या पोकळीत दांडा बसवायचा, खवाट्याची बशी घासून तिच्यावर नवा भाग पक्का करायचा. वाटेतले स्नायू बाजूला घ्यावे लागतात. काही पद्धतींत एखादा कापून पुन्हा शिवावा लागतो. गुडघा बदललेला रुग्ण पाय उशीवर ठेवून निदान काही वेळ स्वस्थ पडू शकतो. खांद्याला तशी सुट्टी नाही. कूस बदलली, खोकला आला, उठून बसायचे झाले, की खांदा हलतोच. पहिल्या काही रात्री रुग्ण आडवा झोपूच शकत नाही; पाठीला उशा लावून अर्धवट बसून रात्र काढतो.

गुडघ्याच्या वेळी कमरेतून मणक्यात सुई देऊन खालचे अंग बधिर करता येते. खांद्यापर्यंत ती बधिरता चढवायची म्हटले, तर रक्तदाब आणि श्वास दोन्ही धोक्यात येतील. म्हणून खांद्यासाठी बहुधा पूर्ण भूल देतात. पण पूर्ण भुलीने माणूस झोपतो, तेवढेच. जागा झाला की वेदना उशाशी उभीच असते. तिच्यासाठी पूर्वी मॉर्फिनच्या जातीची औषधे हाच मुख्य आधार होता. मॉर्फिनने दुखणे कमी होते. पण मळमळ, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ हे सोबत येते आणि म्हाताऱ्या माणसांत भ्रम होणे व श्वास मंदावणे यांचीही भीती असते. आपल्याकडे आणखी एक अडचण होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन बाळगणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची पद्धत देशभर एकसारखी केली. तरी जुना धाक सगळीकडून गेलेला नाही. त्यामुळे दुखण्याची बातमी मेंदूपर्यंत पोहोचूच न देणारा उपाय आपल्याकडे अधिक मोलाचा ठरतो.

नाकेबंदीचा इतिहास

या उपायाला इंग्रजीतून आलेला शब्द आहे ‘नर्व्ह ब्लॉक’. मराठीत मी रुग्णांना ‘नाकेबंदी’ म्हणून समजावतो. मज्जातंतू म्हणजे खांद्याकडून मेंदूकडे जाणारा रस्ता, त्या रस्त्यावर एके ठिकाणी औषधाचा नाका बसवायचा. पलीकडे कितीही गोंधळ झाला, तरी बातमी पुढे जात नाही.

याची सुरुवात कोकेनपासून झाली. १८८४ साली व्हिएन्नामध्ये कार्ल कोलर हा तरुण डॉक्टर नेत्रशस्त्रक्रियेसाठी बधिर करणारे औषध शोधत होता. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड, पुढे मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेला तोच, त्या काळात कोकेनचा अभ्यास करत होता. कोकेनने जीभ बधिर होते, हे ठाऊक होते. ते डोळ्यात घातले तर, हा विचार कोलरला सुचला. त्याने प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात ते घालून पाहिले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हा शोध मांडला गेला, तोही दुसऱ्याकडून. प्रवासखर्चाला कोलरकडे पैसे नव्हते.

बातमी काही आठवड्यांत अटलांटिकपार पोहोचली. न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड या शल्यचिकित्सकाने कोकेन थेट मज्जातंतूजवळ टोचून त्या तंतूच्या ताब्यातला सगळा भाग बधिर होतो, हे दाखवले. हीच पहिली नाकेबंदी. हे प्रयोग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःवर केले, आणि कोकेन काय चीज आहे हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नसल्याने ते व्यसनात अडकले. कोकेन सोडवण्यासाठी हॉलस्टेडला मॉर्फिन दिले गेले आणि त्याची ओढ त्याला पुढे आयुष्यभर सुटली नाही. तरीही जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातला शल्यचिकित्सेचा मोठा गुरू म्हणून त्याचे नाव झाले. वेदनेचा रस्ता अडवायला निघालेला माणूस त्याच औषधाच्या आहारी गेला, ही या शास्त्राच्या जन्माचीच गोष्ट आहे.

यानंतरची काही दशके कोकेनला सुरक्षित पर्याय शोधण्यात गेली. जर्मन रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड आइनहॉर्नने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेन तयार केले. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेनने लिडोकेन तयार केले. दात काढताना आपण जे इंजेक्शन घेतो, ते बहुधा याचेच. मग ब्युपिव्हाकेन आणि रोपिव्हाकेन ही अधिक तास टिकणारी औषधे आली. सगळ्यांचे काम एकच. मज्जातंतूतून संदेश जातो तो विजेच्या लहरीसारखा, आणि ती लहर उठते तंतूच्या पडद्यावरची सोडियमची सूक्ष्म दारे उघडल्यामुळे. ही औषधे पडद्यातून आत शिरतात आणि आतल्या बाजूने ती दारे अडवून धरतात. औषध रक्तात वाहून गेले, की दारे पुन्हा उघडतात. तंतूला कायमचे काही होत नाही.

हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. १९११ साली जर्मनीत डीडरिक कुलेनकाम्फने गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वरून सुई घालून हे जाळे बधिर केले, आणि पहिला प्रयोग पुन्हा स्वतःवरच. खांद्यासाठीची आजची पद्धत मात्र १९७० मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅलन विनी यांनी मांडली. मानेतल्या दोन स्केलीन स्नायूंच्या मधल्या फटीतून हे जाळे बाहेर पडते. तिथे त्याच्याभोवती एक आवरण असते, त्या आवरणात एकाच जागी औषध सोडले की ते पसरून आपोआप सगळ्या मुळांपर्यंत जाते, हे विनी यांचे म्हणणे. दोन स्केलीनच्या मधला म्हणून ‘इंटरस्केलीन ब्लॉक’. पन्नासहून अधिक वर्षे झाली, खांद्याच्या वेदनेवर याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. आणि त्याची खोट त्याच्या या खात्रीतच आहे: औषध पसरते, आणि ते कुठवर पसरावे हे ते आपल्याला विचारत नाही.

शेजारचा तंतू

मानेच्या मणक्यांतून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंना क्रमांक आहेत. खांद्याची संवेदना मुख्यतः पाचव्या आणि सहाव्या मुळांकडे आहे. श्वास चालवणारा फ्रेनिक मज्जातंतू तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांपासून तयार होतो. म्हणजे दोघांचा उगमच एकमेकांना लागून आहे. छाती आणि पोट यांच्या मधला घुमटासारखा स्नायू, श्वासपटल, याच तंतूच्या हुकमावर चालतो. उजव्या-डाव्या बाजूंना एकेक फ्रेनिक असतो. तो पुढच्या स्केलीन स्नायूच्या अंगावरून खाली छातीत उतरतो. जिथे आम्ही इंटरस्केलीनची सुई घालतो, त्या पातळीवर पाचव्या मुळापासून तो साधारण दोन मिलिमीटरवर असतो. त्याखाली दर सेंटिमीटरला हे अंतर सुमारे तीन मिलिमीटरने वाढत जाते. हे आकडे लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचेच काम आहे.

दोन मिलिमीटर म्हणजे अगदीच थोडे अंतर. तिथे वीस मिलिलिटर, म्हणजे चार चहाचे चमचे औषध सोडले तर ते फ्रेनिकपर्यंत पोहोचणारच. १९९१ मध्ये संशोधकांनी अल्ट्रासाउंडने श्वासपटलाची हालचाल तपासली, तेव्हा नेहमीच्या मात्रेतल्या इंटरस्केलीन ब्लॉकनंतर प्रत्येक रुग्णाचे त्या बाजूचे श्वासपटल थांबलेले आढळले. एकही अपवाद नाही! त्याआधी वीस वर्षे हजारो लोकांना हा ब्लॉक दिला जात होता आणि फारसे कोणाच्या लक्षात आले नव्हते. कारण साधे आहे. धडधाकट माणसाला एका बाजूचे श्वासपटल काही तास बंद पडले तरी जाणवत नाही. दीर्घ श्वास घेण्याची क्षमता सुमारे पाव हिश्शाने घटते, पण दुसरी बाजू आणि बरगड्यांचे स्नायू भागवून नेतात.

पण प्रत्येकाच्या फुप्फुसात एवढी शिल्लक नसते. सीओपीडी झालेले, अतिलठ्ठ, किंवा दुसऱ्या बाजूचे श्वासपटल आधीच दुबळे असलेले रुग्ण पाव हिस्सा गमावू शकत नाहीत. आणि आपल्याकडे अशा रुग्णांमध्ये एक गट सहज नजरेतून सुटतो. सत्तरीतली बाई येते. मी विचारतो, ‘आजी, विडी-तंबाखूचा धूर कधी घेतलात?’ त्या हसून म्हणतात, ‘छे हो, डॉक्टर.’ मग विचारावे, ‘स्वयंपाक कशावर करत होतात?’ तर पंचवीस-तीस वर्षे चूल. लाकडाचा आणि गोवऱ्यांचा धूर कोंदट खोलीत रोज घेतलेल्या बाईला आयुष्यात एकही विडी न ओढता सीओपीडी होऊ शकतो. हे वैद्यकात आता पक्के ठाऊक आहे. याच वयात हाडे ठिसूळ झालेली असतात, अंगणात पाय घसरतो आणि खांद्याच्या गोळ्याचे तुकडे होतात. म्हणजे जिला खांदा बदलण्याची वेळ येते आणि जिला फ्रेनिक बधिर होणे परवडत नाही, ती अनेकदा एकच बाई असते. भूल देण्यापूर्वीच्या तपासणीत चुलीचा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

पसरलेल्या औषधाचे आणखी काही शेजारीही आहेत. त्याच बाजूची पापणी थोडी खाली येते, बाहुली लहान होते, कधी आवाज घोगरा होतो. नातेवाईक हे पाहून घाबरतात, ‘लकवा तर नाही ना मारला?’ म्हणून विचारतात. औषध उतरले की हे सगळे आपोआप जाते. आधी सांगून ठेवले तर रात्रीची धावपळ वाचते.

याहून गंभीर गोष्टी अगदी विरळ, पण त्यांनी शिस्त शिकवली आहे. २००० साली चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. पूर्ण भूल देऊन झोपवल्यावर त्यांना इंटरस्केलीन ब्लॉक दिला गेला होता आणि सुई खोल जाऊन मानेतल्या मज्जारज्जूला कायमची इजा झाली होती. जागा रुग्ण ‘कळ आली’ असे सांगू शकतो, झोपलेला सांगू शकत नाही. म्हणून हा ब्लॉक शक्यतो रुग्ण जागा किंवा हलक्या गुंगीत असताना देतात. ‘मला झोपवून मगच टोचा’ म्हणणाऱ्या रुग्णाला मी हे कारण सांगतो. औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर झटके येऊ शकतात, हृदय थांबू शकते. त्यावर स्निग्ध द्रवाचे सलाइन हा उतारा १९९८ मध्ये प्राण्यांत आणि २००६ मध्ये माणसात यशस्वी ठरल्याचे प्रसिद्ध झाले. ब्लॉक जिथे देतात, तिथे ही बाटली हाताशी असलीच पाहिजे.

कमी औषध, नेमकी जागा

श्वासपटल वाचवायचे दोन मार्ग आहेत. एक, औषध कमी करणे. दुसरा, नाका खाली सरकवणे, कारण खाली जावे तसा फ्रेनिक दूर जातो.

पहिल्या मार्गाची परीक्षा २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाली. एका गटाला वीस मिलिलिटर, दुसऱ्याला फक्त पाच मिलिलिटर औषध अल्ट्रासाउंडच्या मदतीने दिले. वेदना दोन्ही गटांत सारखीच आटोक्यात राहिली. श्वासपटल मात्र पहिल्या गटात सर्वांचे बंद पडले, दुसऱ्यात ४५ टक्क्यांचे. चौथा हिस्सा औषधात काम भागले, हे मोठेच. पण निम्म्याजवळ लोकांना तरी धोका उरलाच.

म्हणून दुसरा मार्ग. पाचवे आणि सहावे मूळ थोडे खाली एकत्र येऊन एक खोड तयार होते. तिथेच औषध दिले, तर त्याला ‘सुपीरियर ट्रंक ब्लॉक’ म्हणतात. आराम जवळपास तेवढाच मिळतो आणि श्वासपटल पुष्कळ कमी वेळा बंद पडते. आणखी पुढे जाऊन फक्त खांद्याच्या सांध्याकडे जाणाऱ्या फांद्याच बधिर करता येतात. सांध्याची बहुतांश संवेदना, साधारण सत्तर टक्के, सुप्रास्कॅप्युलर नावाचा एकच तंतू नेतो. तो आणि काखेजवळचा अ‍ॅक्सिलरी तंतू हे दोन अडवले, तर खांद्याचे दुखणे बरेचसे थांबते. सुप्रास्कॅप्युलर तंतू खवाट्याच्या मागच्या बाजूने गाठला, तर फ्रेनिकपासून तो पुरेसा लांब असतो, आणि शिवाय हाताचा पंजा हलता राहतो. आराम इंटरस्केलीनपेक्षा, विशेषतः पहिल्या काही तासांत, थोडा कमी पडतो. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या आजींसाठी मी ही देवघेव आनंदाने करेन. फुप्फुसे ठणठणीत असलेल्या पन्नाशीतल्या गृहस्थांना जुनाच ब्लॉक कमी मात्रेत देणेही योग्य. एकच पद्धत सर्वांना, हा काळ संपला.

शल्यचिकित्सकांचीही एक रास्त मागणी असते. शस्त्रक्रियेत अ‍ॅक्सिलरी तंतूला ताण बसू शकतो. उलट्या सांध्याचे बळ ज्या डेल्टॉइडवर आहे, तो याच तंतूवर चालतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच ‘दंड उचला पाहू’ म्हणून खात्री करायची, तर नाकेबंदी असताना ते कळत नाही. अशा वेळी ब्लॉक काय आणि कधी द्यायचा, हे दोघांनी आदल्या दिवशीच बोलून ठरवलेले बरे.

यंत्र आणि कायदा

या सगळ्या नव्या पद्धतींना एक गोष्ट अत्यावश्यक आहे, अल्ट्रासाउंड यंत्र. त्याच्याशिवायही ब्लॉक देता येतो. सुईतून हलका वीजप्रवाह सोडून दंडाचा स्नायू फुरफुरला की जागा बरोबर, अशी पद्धत १९६० च्या दशकापासून आहे आणि आजही अनेक ठिकाणी वापरतात. पण तंतू डोळ्यांना दिसत नसेल, तर औषध हात राखून देता येत नाही. पाच मिलिलिटरवर भागवायचे तर सुईचे टोक आणि तंतू दोन्ही पडद्यावर दिसायला हवेत.

आणि इथे आपला एक वेगळाच इतिहास आडवा येतो. याच यंत्राने गर्भाचे लिंग पाहून मुलींचे गर्भ पाडले गेले. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. कायदा कडक हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच्या नियमांनुसार प्रत्येक यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते. उचलून नेता येईल असे यंत्रही नोंदलेल्या जागेच्या आत किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते.

आता आपल्याकडचा भूलतज्ज्ञ काम कसे करतो, ते पाहा. शहरांतले आणि तालुक्याच्या गावांतले बहुतेक भूलतज्ज्ञ एका रुग्णालयाला बांधलेले नसतात. सकाळी एका ठिकाणी, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या, असे आपली बॅग घेऊन ते फिरतात. या बॅगेत सगळे मावते, फक्त अल्ट्रासाउंड यंत्र नेता येत नाही. खांदा बदलण्याची शस्त्रक्रिया बहुधा मोठ्या रुग्णालयांतच होते आणि तिथे नोंदलेले यंत्र असते. पण मोडलेल्या खांद्यात पट्टी आणि स्क्रू बसवण्याची कामे छोट्या रुग्णालयांत रोज होतात. मानेतला नाका तोच, फ्रेनिकही तोच. तिथे यंत्र नसेल तर औषध जास्त द्यावे लागते किंवा ब्लॉक न देता दुखणे गोळ्या-इंजेक्शनांवर सोडावे लागते.

मज्जातंतू पाहायला लागणारा प्रोब वेगळा असतो. तो सपाट, उच्च वारंवारतेचा आणि त्वचेखालच्या काही सेंटिमीटरचेच चित्र दाखवणारा असतो. पोटातला गर्भ पाहण्यासाठी कमी वारंवारतेचा, वक्र प्रोब वापरतात. फक्त सपाट प्रोब चालेल आणि दुसरा जोडताच येणार नाही, अशी कुलूपबंद यंत्रे वेगळ्या नोंदणीखाली भूलतज्ज्ञांना देता आली, तर कायद्याचा हेतूही शाबूत राहील, असे माझे मत आहे. जो कायदा मुली जन्माला याव्यात म्हणून झाला, त्याच्या आडकाठीमुळे म्हाताऱ्या बायांच्या श्वासावर जोखीम वाढावी, हे कोणालाच नको असणार.

रात्री दोन वाजता

ब्लॉकचे सगळ्यांत कमी सांगितले जाणारे लक्षण म्हणजे तो उतरतो. एकदा दिलेल्या औषधाचा परिणाम साधारण बारा ते अठरा तास टिकतो. सकाळी दहाला दिलेला ब्लॉक रात्री दहा ते पहाटे चारच्या दरम्यान कधीतरी उतरणार, म्हणजे नेमका वॉर्डात दिवे मंद झालेले असताना. संध्याकाळी रुग्ण हसत असतो, ‘काहीच दुखत नाही’ म्हणून फोनवर सांगतो, गोळी दिली तर ‘आत्ता कशाला?’ म्हणून बाजूला ठेवतो. मग रात्री दोनला वेदना एकदम येते, हळूहळू वाढत नाही. तिला ‘रिबाउंड पेन’ म्हणतात. हळूहळू दुखायला लागलेल्या माणसापेक्षा अशा माणसाला ती जास्त असह्य होते, आणि ‘भूल नीट दिली नव्हती’ अशी समजूत होते ती इथेच.

यावर उपाय आहेत. ब्लॉकबरोबर किंवा शिरेतून डेक्सामेथासोन दिले तर परिणाम काही तास वाढतो. तंतूजवळ बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस थेंब-थेंब औषध देता येते, मात्र नळी सरकू नये म्हणून देखरेख लागते. चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेले, सावकाश सुटणारे ब्युपिव्हाकेन इंटरस्केलीन ब्लॉकसाठी वापरायला अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली; साध्या औषधाच्या मानाने त्याचा फायदा माफकच दिसला आहे. या सगळ्यांपेक्षा स्वस्त आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय म्हणजे दुखायची वाट न पाहणे. पॅरासिटामॉल, आणि मूत्रपिंड व पोट साथ देत असेल तर सूज कमी करणारी वेदनाशामके, बधिरता असतानाच घड्याळ लावून सुरू करायची आणि झोपण्यापूर्वीची मात्रा चुकवायची नाही. हा उपाय भूलतज्ज्ञाच्या हातात नाही. तो रात्रपाळीच्या सिस्टरच्या आणि उशाशी बसलेल्या मुलीच्या, सुनेच्या किंवा नवऱ्याच्या हातात आहे.

बधिर हाताची काळजीही त्यांनाच घ्यायची असते. हात झोळीत नीट बसलेला आहे ना, कोपर कॉटच्या दांडीवर दाबले जात नाही ना, हे रुग्णाला कळत नाही. दुसऱ्याने पाहावे लागते. आणि शेकाची पिशवी अजिबात नाही. दुखऱ्या खांद्याला शेक देणे ही आपल्या घरांची माया आहे. पण बधिर कातडीला चटका कळत नाही, फोड दिसतो तेव्हाच कळते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला येतात, तेव्हा पुष्कळ घरांत फक्त ‘उपाशी केव्हापासून राहायचे’ एवढेच विचारले जाते. त्याबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. ब्लॉक कुठला देणार, आणि त्याने श्वासपटलावर परिणाम होईल का? अल्ट्रासाउंड वापरणार का? तो साधारण किती वाजता उतरेल? आणि उतरण्यापूर्वी कुठली गोळी किती वाजता द्यायची? शेवटच्या दोन उत्तरांतली वेळ कागदावर लिहून रुग्णाच्या उशाशी लावून ठेवावी. रात्री जागणाऱ्याला ती दिसली पाहिजे.